सातवा रकाना

“माझी तीन नातवंडं द्या,” म्हातारी म्हणाली, आणि माझ्या टेबलासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. एप्रिल सत्याहत्तरची दुपार होती. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचं वारं त्याचं त्यालाच पुरत होतं. आमच्या सोलापूरच्या जिल्हा कचेरीत माणसं येतात ती दाखल्याला, नावातली चूक दुरुस्त करून घ्यायला, फार तर साहेबांच्या नावानं बोटं मोडायला. नातवंडं मागायला कुणी आलेलं नव्हतं. दाराशी बसलेला बिरप्पा शिपाई फिस्सकन हसला आणि त्याच्या मागोमाग मीही हसलो. ते हसणं अजून मला कुठंही गाठतं, अंघोळीला बसलो असताना, नव्या पेठेत भाजी घेताना, आणि मग हातातलं काम सुटून जातं. म्हातारी मात्र आमच्या हसण्यानं हलली नाही. तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून आठ घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर तळहातानं सपाट केला. “हितं लिवलंय न्हवं? शाळंच्या मास्तरानं वाचून दाखिवलं. भीमाला तीन पोरं हाईत म्हनं. भीमा माझा ल्योक. बावीस वरसाचा हाय, अजून त्येचं लगीन न्हाय. मग ही तीन कुटं हाईत? तुमी लिवलंय, तवा तुमच्यापाशीच असतील की.”

मग तिनं सगळं सांगितलं, एकदाही आवाज न चढवता, जसं कुणी शेजारणीला आपल्या गावची वाट सांगावी तसं. तिचं नाव बजाबाई. गाव वैरागच्या पुढं चार मैल. गेल्या दिवाळीच्या आधी गावात ट्रक आला, यादीतली नावं वाचली, त्यात भीमाचं नाव होतं. नसबंदीच्या शिबिरात त्याला टेबलावर झोपवलं तेव्हा तो म्हणाला की मला पोरं नाहीत, माझं लग्नच नाही. “तर डाक्टर म्हनला, सगळीच असं म्हनत्यात. कागदावर तीन हाईत.” आता मार्चमध्ये सरकार गेलं, आणि गावात कुणी तरी सांगितलं की मुंबईला कापलेली नस परत जोडून देतात. मायलेक तिकडंही जाऊन आले. तिथले डॉक्टर म्हणाले, ज्याला मूल नाही किंवा एकच आहे त्याचा नंबर पहिला. तुमच्या कागदावर तीन आहेत, जिथून हा आकडा आला तिथून दुरुस्त करून आणा. “म्हून आले,” बजाबाई म्हणाली. “एक तर तीन पोरं द्या, न्हायतर ह्यो तीन खोडून द्या. तिसरं काय मागत न्हाय मी.”

मी कागद हातात घेतला. आमच्याच यादीवरून टंकून शिबिराला गेलेला तो दाखला होता. आमच्या दोन नंबरच्या टंकयंत्राचा तीन शेपटीशी झिजलेला आहे, छापताना त्याचं खालचं टोक उमटत नाही. कागदावरचा तीन तसाच होता. पण त्यानं काय होतं? तसले हजारो तीन त्या वर्षी आमच्याकडून गेले. मी तिला म्हटलं, “बघावं लागेल, बाई. जुनं दप्तर काढावं लागेल. पुढच्या मंगळवारी या.” कचेरीत हे वाक्य आपोआप तोंडात येतं, ते म्हणताना माणूस विचार करत नाही. ती बरं म्हणाली, कागदाच्या आठही घड्या परत घातल्या आणि उन्हात निघून गेली. मी समोरची फाइल ओढली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी एकच पान वाचत होतो.

माझं काम तपासनीसाचं. म्हणजे मी रिकामं शोधतो. चारचौघांत सांगायला हे विचित्र वाटतं, आणि माझा जावई अक्कलकोटला त्याच्या मित्रांना ‘आमचे सासरे सरकारात आहेत’ एवढंच सांगून मोकळा होतो, पण काम तेच. त्या वर्षी गावागावांतून नसबंदीला पात्र माणसांच्या हातानं लिहिलेल्या याद्या येत. आमचे टंकलेखक त्या ओळीनं उतरवत: एका माणसाची एक ओळ, ओळीत सात रकाने, आणि दोन रकान्यांच्या मध्ये मराठी यंत्रावरचा पूर्णविरामाचा उभा दंड. नाव, दंड, बापाचं नाव, दंड, वय, दंड, असं करत शेवटी हयात मुलं. ही पानं पुण्याला जात. तिथं मुली बसून त्यांची भोकाची कार्डं करत आणि ती कार्डं यंत्र खात असे. ह्या यंत्राला एकच पथ्य होतं. दोन दंड मध्ये काही नसताना लागून आले की ते ती ओळ थुंकून टाकायचं. रकान्यात काय लिहिलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, काहीतरी आहे की नाही एवढंच ते बघायचं. पहिल्या खेपेला आमच्या चौदाशे ओळी परत आल्या आणि हिंदुराव साहेबांनी तो गठ्ठा टेबलावर असा आपटला की शाईची दौत लवंडली.

तेव्हा मी ती पट्टी केली. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, टंकलेल्या ओळीएवढी लांब पट्टी कापली, आणि प्रत्येक रकाना जिथं सुरू होतो तिथं ब्लेडनं एक खिडकी पाडली. सात रकाने, सात खिडक्या. पट्टी ओळीवर ठेवायची. सातही खिडक्यांत काळं दिसलं तर खाली सरकायचं, एखादी पांढरी दिसली तर थांबायचं. वाचायचं नाही, वाचलं की वेळ जातो. दिवसाला नऊशे ओळी होऊ लागल्या. टंकलेखकही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते, रिकाम्या जागी नुसतं एक टिंब मारून माझी पट्टी चुकवायला बघायचे; मग मी टिंबही ओळखायला शिकलो. सातवा रकाना सगळ्यांत फसवा. तो शेवटचा, त्याच्या पुढं दंड नसायचा, त्यामुळं तो रिकामा असला की ओळ फक्त थोडी लवकर संपल्यासारखी वाटायची. मी हुकूम काढला की शेवटीही दंड मारायचा. साहेबांनी माझी पाठ थोपटली. पुण्याहून चिठ्ठी आली की सोलापूरच्या याद्या सगळ्यांत स्वच्छ येतात, आणि मी ती चिठ्ठी घरी नेऊन बायकोला, गौरम्माला, वाचून दाखवली. तिनं चूल फुंकता फुंकता विचारलं, “स्वच्छ म्हणजे काय?” मी तिच्यावर रागावलो.

माझे वडील गिरणीत कापड तपासायचे. घडीखान्याच्या अलीकडं एक तिरपी चौकट होती, तिच्यामागून उजेड यायचा, आणि ठाणच्या ठाण त्या चौकटीवरून ओढलं जायचं. कुठं धागा तुटला असेल, कुठं बाणा, म्हणजे आडवा धागा, सुटला असेल, तिथून उजेडाची बारीक तार दिसायची. मी डबा घेऊन जायचो तेव्हा ते मला शेजारी उभं करायचे. त्यांचे डोळे पाणावलेले असायचे, पण त्यांची नजर कापडावरून हलायची नाही. भोक दिसलं की खडूनं गोल करायचे आणि ठाण पुढं सोडायचे. एकदा मी म्हटलं, अप्पा, एवढासा तर धागा आहे, सुई मारून टाका की. तर ते म्हणाले, तपासणाऱ्यानं रफू करायचं नसतं. रफू केलं की मग भोक होतं का नव्हतं हे त्यालाच कळत नाही. त्यांनी हे काही मोठं ज्ञान म्हणून सांगितलं नाही, गिरणीतला तो नेम होता, रफूचं खातं वेगळं होतं. पुढं मी कारकून झालो आणि गिरणीचे नेम गिरणीत राहिले. मला वाटायचं की आपण खडूच्या वर चढलो.

कारण मी रफू करत होतो. हे कसं सुरू झालं तेही सांगतो, म्हणजे माझ्या बाजूनं जेवढं म्हणता येईल तेवढं म्हणून होईल. गावाकडच्या यादीत लिहिणारा माणूस गावाचं नाव पहिल्या ओळीत एकदाच लिहितो. खाली सगळं रिकामं सोडतो. कारण वरचं तेच खाली, हे काय सांगायला हवं? जातीच्या रकान्यातही तसंच, तालुक्याच्याही तसंच. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या याद्या अशाच लिहितात, सात-बाऱ्यापासून लग्नाच्या आहेरापर्यंत. यंत्राला मात्र हे कळायचं नाही. म्हणून मी टंकलेखकांना सांगितलं, रिकामा रकाना दिसला की वरच्या ओळीतलं खाली ओढा, वरीलप्रमाणे. गावाच्या नावाला ते बरोबरच होतं. त्यात कुणाचं काय बिघडणार होतं? मग ऑगस्ट आला. दर शनिवारी वरून नसबंदीचा आकडा विचारला जाऊ लागला, साहेबांना झोप येईना, आणि ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहू लागले. “चनबसप्पा, एकही ओळ परत पाठवायची नाही. चिठ्ठी गावाला जायला चार दिवस, यायला चार. आठ दिवस कुठनं आणू मी?” पट्टी सरकवायची, पांढरी खिडकी दिसली की लाल पेन्सिलनं मूळ यादीवर वरचं खाली ओढायचं, ओळ पुन्हा टंकायला द्यायची, पुढं सरकायचं. खिडकी पहिली की सातवी, हे पट्टीला माहीत नसतं. हळूहळू ते मलाही माहीत नसायला लागलं.

मंगळवारच्या आत मी दप्तर काढलं. पाठीमागच्या खोलीत, जिथं पालींचं राज्य आहे, तिथं वैराग भागाचा गठ्ठा सापडला आणि दहा मिनिटांत ते पानही. ग्रामसेवकाचं अक्षर गोल, शाळकरी. सतरावी ओळ रावजीची, वय अडतीस, हयात मुलं तीन. अठरावी ओळ भीमाची. सातव्या रकान्यात ग्रामसेवकानं काहीच लिहिलेलं नव्हतं. आता मला कळतं की त्यानं ते मुद्दाम सोडलं असणार. पोराचं लग्न नाही हे त्याला माहीत होतं. आकडा भरायचा म्हणून नाव घालणं त्याला भाग होतं, पण त्यानं रकाना मोकळा ठेवला, म्हणजे तालुक्याला नाही तर जिल्ह्याला कुणीतरी थांबेल, आणि ओळ परत येईल. गरीब माणूस बिचारा, त्यानं आपल्या परीनं दार उघडं ठेवलं होतं. त्या रकान्यात लाल पेन्सिलचा तीन होता. माझा तीन. मी तीनचं डोकं जरा मोठं काढतो, लहानपणी मास्तरांनी त्यावरून मला पट्टी मारलेली आहे.

मी त्या पानाकडं बघत बसलो आणि तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. काहीच आठवलं नाही. बिरप्पानं चहा आणला होता का, बाहेर पाऊस होता का, मी कुणाशी बोलत होतो का? वयाच्या रकान्यात बावीस होतं, त्याच ओळीत, चार बोटांवर. बावीस वर्षांच्या पोराला तीन मुलं कशी, एवढं तरी मनात यायला हवं होतं. पण मी ओळ वाचलीच नव्हती. वाचायची नाही हीच तर माझी हुशारी होती. एखादा खुनी निदान सांगतो की मला राग आला होता. मला तर राग नव्हता, लोभ नव्हता, मी त्या पोराला ओळखतही नव्हतो; मी नऊशे ओळी करत होतो. मग एक वाईट विचार आला आणि तो गेलाच नाही: असे किती? मी टंकलेली पानं काढली. त्यांच्यावर पट्टी ठेवली. सगळ्या खिडक्या काळ्या. माझी पट्टी रिकामं शोधते, आणि आता रिकामं काहीच राहिलेलं नव्हतं. विचारून लिहिलेला तीन आणि ओढलेला तीन टंकयंत्रातून एकसारखेच निघतात. मूळ याद्यांच्या निम्म्या गठ्ठ्यांना वाळवी लागली होती, काही गठ्ठे जागेवरच नव्हते.

हिंदुराव साहेबांना मी दुसऱ्या दिवशी पान दाखवलं. साहेब तसे दुष्ट नाहीत, त्यांना भीती लवकर वाटते एवढंच. त्यांनी दार लोटून घेतलं. “मूळ कागदावर काय आहे?”

“रिकामं होतं, साहेब.”

“मग रिकाम्यावरून शून्य कसं सिद्ध होतं? रिकामं म्हणजे माहिती नाही. उद्या कुणी म्हणेल दहा होती.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “दुरुस्ती करायची तर एकच वाट आहे. तुम्ही लिहून द्या की हा तीन चौकशी न करता तुम्ही घातला. देता?”

मी पानाची घडी घालू लागलो.

“देता का सांगा. मी आजच पुढं पाठवतो. मग ते विचारतील, असे किती? काय सांगाल?” ते हळू आवाजात म्हणाले, “वरून चौकशी येणार म्हणतायत. शहाणा माणूस अशा वेळी घरात बसतो, दारात उभा राहून हाका मारत नाही. तुमची किती वर्षं राहिलीत?”

“तीन,” मी म्हटलं.

बजाबाई मंगळवारी आली. मी सांगितलं, दप्तर अजून सापडलं नाही. ती बरं म्हणाली. पुढच्या मंगळवारीही आली, त्याच्या पुढच्याही. बाजाराचा दिवस म्हणून एसटी भरून यायची आणि ती उभ्यानं येत असे. तिनंच एकदा सांगितलं, कुरकुर म्हणून नव्हे, पाय का सुजलेत ते मी विचारलं म्हणून. व्हरांड्यात पाण्याच्या माठाशेजारी ती बसायची आणि माझ्याकडं बघायची. मी दोनदा पाठीमागच्या दारानं घरी गेलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, कपाळाला विभूती लावणारा, आणि म्हातारीला चुकवायला मुतारीच्या बाजूनं पळतो. तिसऱ्या मंगळवारी तिनं धोतराच्या फडक्यात बांधलेल्या भुईमुगाच्या शेंगा टेबलावर ठेवल्या. “घरच्या हाईत. तुमचं बी काम हाय, उगं कसं म्हनू?” तिला वाटत होतं की मी काहीतरी मिळाल्याशिवाय करणार नाही, आणि तरीही तिला माझा राग आला नव्हता. मी त्या घेतल्या. नको म्हणालो असतो तर का नको ते सांगावं लागलं असतं.

गौरम्मानं त्या शेंगांची चटणी कुटली. भाकरीबरोबर पानात पडली तेव्हा मी हात मागं घेतला आणि तिला सगळं सांगितलं. कानडीत सांगितलं, मराठीत सांगायला जीभ वळेना. चटणीचा वास घरभर होता. मग तिनं विचारलं, “विचारलं का नाही तुम्ही?”

“कुणाला विचारणार? गाव लांब, आठ दिवस लागले असते.”

“आठ दिवस,” ती म्हणाली. एवढंच. आमची शरणम्मा लग्नानंतर सात वर्षांनी बाळंतीण झाली. ती सात वर्षं गौरम्मानं कशी काढली ते मला माहीत आहे. लोक पोरीच्या पदराकडं बघून बोलायचे, सासूनं तिला ओटी भरायला बोलावणं बंद केलं होतं, आणि पोर माहेरी आली की न्हाणीत बसून रडायची. जावयाकडं कुणी एकदाही बोट दाखवलं नाही. गौरम्मानं पान माझ्यासमोरून उचललं. “लिहून द्या,” ती म्हणाली. “नोकरी गेली तर अक्कलकोटला जाऊ. पूजेचं साहित्य विकू.” मी तिला म्हटलं, तुला काय कळतं. ती म्हणाली, “मला काही कळत नाही,” आणि भांडी घासायला बसली.

पाचव्या मंगळवारी बजाबाई आली नाही. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू? सहाव्या मंगळवारीही आली नाही, आणि त्या दिवशी मात्र मी सकाळपासून माठाकडं बघत होतो. मेली असेल? पाय सुजलेले होते. का भीमानंच काही केलं असेल स्वतःचं? गावात विहिरी काय कमी आहेत. दर तासाला मी उठून व्हरांड्यात जाऊन येत होतो आणि बिरप्पा म्हणाला, “अण्णा, तुमची म्हातारी रुसली वाटतं.” मी त्याच्या अंगावर ओरडलो. त्या रात्री मी लिहिलं. एकच पान झालं. मी चनबसप्पा, तपासनीस, असं लिहून देतो की अमुक यादीतील अठराव्या ओळीतील सातव्या रकान्यात मूळचा आकडा नव्हता; तेथील तीन मी चौकशी न करता वरील ओळीवरून माझ्या हाताने घातला; सदर इसम अविवाहित असून त्यास अपत्य नाही. खाली सही, तारीख. लिहून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी गौरम्माला उठवून पाणी मागितलं, तहान नसताना. वाटलं, साहेबांकडं नंतर देऊ, आधी तिच्या हातात ठेवू. निदान हा एक तीन तरी खोडला जाईल. एवढा आनंद व्हायचं काही कारण नव्हतं, पण झाला.

रविवारी मी वैरागची एसटी धरली. उन्हानं खिडकीची दांडी हातात धरवत नव्हती. वैरागहून पुढं चालत गेलो. वाटेत बाभळीखाली एकजण शेळ्या घेऊन बसला होता, त्याला बजाबाईचं घर विचारलं. “चला की, म्या बी तिकडंच निगालोय,” तो म्हणाला. त्याच्या खांद्यावर एक पोरगं होतं, दोन मागं चालत होती. वाटेत त्यानं नाव सांगितलं, रावजी. मी त्या तीन पोरांकडं बघितलं. धाकट्याच्या नाकातून शेंबूड वाहत होता. सगळी अंगानं चांगली होती. कुणाच्याही ओळीत ओढून न्यावीत अशी ती नव्हती, ती तिथं रस्त्यावर धूळ उडवत चालली होती, आणि मला त्यांच्याकडं बघवेना. “आज गडबड हाय तितं,” रावजी म्हणाला. “भीमाचं लगीन हाय न्हवं.”

दारात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव होता. लग्न नवऱ्याच्या दारात होतं, म्हणून मुलीकडची माणसं आदल्या दिवशीच येऊन उतरली होती. हळद लागलेली नवरी ओसरीवर बसली होती. सतरा-अठरा वर्षांची असेल. शेजारची पोरगी तिच्या कानात काहीतरी सांगत होती आणि ती हसू दाबत होती, हळदीचा हात तोंडावर धरून, त्यामुळं तिच्या ओठांनाही हळद लागली होती. कुणी तरी तिला मुक्ता म्हणून हाक मारली. बजाबाईनं मला पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. मग ती पुढं आली, माझं मनगट धरलं, आणि मला गोठ्याच्या मागं घेऊन गेली.

मी खिशातून कागद काढला. “हे बघा, बाई. सगळं लिहून दिलंय. चूक माझी होती, माझ्या हातची. हे घेऊन मुंबईला जा, ते नंबर लावतील.”

तिनं कागदाकडं बघितलं, हात पुढं केला नाही. “उशीर केलासा, दादा,” ती म्हणाली. ती मला पहिल्यांदाच दादा म्हणाली. “मुंबईचा डाक्टर म्हनला हुता, जोडली तरी लागंल का न्हाय त्ये सांगता येत न्हाय. तवर ह्यो तिशीला जाईल. हे ठिकान आलं. लांबची मानसं, माढ्याकडली. त्यास्नी काय ठावं न्हाय.”

“आणि गाव?”

“गाव गप हाय. गावातली बी गेली हुती की त्या टरकात, कुनाचं तोंड उगडनार?”

“भीमा काय म्हणतो?”

“त्यो बोलत न्हाय. दिवाळीपास्नं बोलत न्हाय.”

मी विचारलं, “आणि ती पोरगी?” बजाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली. “तिचं नशीब,” ती म्हणाली, आणि मला समजलं की तिनं हा विचार माझ्या आधी, माझ्याहून जास्त वेळा केलेला आहे. दोन वर्षांनी तिला विचारतील. चार वर्षांनी तिच्या अंगात काय आहे ते बघायला भगत बोलावतील. मग कुणी तरी अक्कलकोटला नवस बोलायला आणेल, आणि गौरम्मा कदाचित तिथंच कुठं नारळ विकत बसलेली असेल. वांझ ती ठरेल. ही म्हातारी, जी माझ्या टेबलाशी खोट्या आकड्याचा हिशेब मागायला आली होती, ती ते होऊ देईल, कारण तिला तिचं पोर बघायचं आहे, आणि मीच तिला दुसरी वाट ठेवली नव्हती. सहा मंगळवार. मला त्या गोठ्यात गुडघ्यावर बसावंसं वाटलं. “ह्यो कागद कुनाच्या हातात पडू दिऊ नगासा,” ती म्हणाली. “आन आलाच हायसा तर जेवल्याबिगर जाऊ नगासा. लोक इचारतील.”

तिनं मला मांडवात नेलं आणि मुलीच्या बापाला म्हणाली, “हे सोलापूरचं सायेब. आपिसात असत्यात, समद्यांचं कागद तपासत्यात. भीमाच्या वळखीचं हाईत.” मुलीचा बाप हरिबा, काळा, वाळलेला माणूस, नवं धोतर त्याच्या अंगावर अजून बसलं नव्हतं. माझ्या येण्यानं तो इतका सुखावला की त्यानं घोंगडी झटकून मला बसायला दिली आणि स्वतः मातीत बसला. पलीकडं भीमा बाशिंग बांधून बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कोण आहे हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं नजर वळवली नाही. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

हरिबा जवळ सरकला. “सायेब, आमी लांबची मानसं. चौकशीला येळच घावला न्हाय. चांगलं ठिकान हाय म्हनलं मधल्या मानसानं, आन आमी हो म्हनून बसलो. पोरगी माझी आईबिगर वाढलीया, म्हून जीव जरा खालवर हुतो.” तो हसला, ओशाळल्यासारखा. “तुमी समदं बगून, तपासून लिवनारी मानसं. तुमी सांगा. पोरात काय न्हाय न्हवं? काय इचारायचं ऱ्हायलंय का?”

मांडवात वाजंत्रीवाले सूर लावत होते. बजाबाई खांबाला धरून उभी होती. भीमा माझ्याकडं बघत होता. ओसरीवर ती पोरगी अजून हसत होती. माझ्या खिशात ते पान होतं, त्यावर माझी सही होती, आणि माझ्या सबंध नोकरीत पहिल्यांदाच कुणी तरी मला तोंडावर विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत बसलं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “काही राहिलं नाही.”

हरिबाचं तोंड मोकळं झालं. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला, मला उठवलं, पंगतीत सगळ्यांच्या आधी बसवलं आणि स्वतः वाढायला घेतलं. बुंदी होती, भात होता, आमटी चांगली झाली होती. तो आग्रह करत राहिला आणि मी पोटभर जेवलो.